बॅकअप रोज होतो, पण परत येतो का?

जून २०२२ मध्ये, पावसाने जोर धरला असताना, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातल्या प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी बसवलेल्या केंद्रांची माहिती ज्या सर्व्हरवर जमा होते, त्याच्यावरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. सोडवून घ्यायच्या तर बिटकॉइन मोजा, असा निरोप आला. खात्याने सायबर विभागाकडे तक्रार नोंदवली. पुढे काही दिवस बोलणे झाले ते अँटिव्हायरस नसल्याचे आणि फायरवॉल जुनाट असल्याचे. तेही व्हायलाच हवे होते. पण आधी साठवून ठेवलेली माहितीही हाती लागत नव्हती, ही त्या बातमीतली सर्वांत मोठी गोष्ट होती, आणि तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

हल्ला कोणावरही होऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर झाला आणि एवढे नावाजलेले रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर चालले. हल्ल्यानंतर आपल्या हाती काय उरणार हे मात्र हल्ल्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. ते ठरवते बॅकअपचे सॉफ्टवेअर: त्याचे कोणते व्हर्जन आपल्याकडे आहे, त्यातले कोणते दोष दुरुस्त झाले, कोणते राहिले, आणि झालेली दुरुस्ती आपल्या संगणकापर्यंत पोचली की नाही. हा विषय ‘कॉम्प्युटरवाल्यांचा’ म्हणून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही. गोव्यातल्या १९१ पंचायती, पालिका, देवस्थाने, पतसंस्था, मराठी शाळा, दवाखाने यांचे दप्तर आज याच्या भरवशावर आहे.

म्हणून दोन गोष्टी मला आग्रहाने मांडायच्या आहेत. बॅकअप सॉफ्टवेअरमधल्या दोषाची दुरुस्ती हा नव्या व्हर्जनसोबत विकायचा माल नव्हे. ज्या दिवशी सॉफ्टवेअर विकले, त्याच दिवशी विक्रेता ती देणे लागतो. आणि लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ‘बॅकअप घेतला’ याचा नव्हे, तर ‘बॅकअपमधून परत आणून पाहिले’ याचा दाखला द्यावा, आणि तो प्रत्येक अपडेटनंतर द्यावा.

बॅकअपमधला दोष इतर दोषांपेक्षा वेगळा का, हे आधी नीट पाहू. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर गिऱ्हाईक काउंटरवरच हटकते. टायपिंगमध्ये जोडाक्षर तुटले तर डोळ्यांना दिसते. प्रिंटर बिघडला तर दहा मिनिटांत सगळ्या कचेरीला कळते. बॅकअप मात्र रात्री चालतो, कोणी पाहत नसते, आणि त्याचे फळ आपण एरवी कधीच चाखून पाहत नाही. मे महिन्यात भरून ठेवलेले पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, ऑगस्टच्या झडीत उघडावे आणि मिरच्यांना बुरशी लागलेली दिसावी, तसा हा दोष कळतो तो गरज पडल्यावरच. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीची किंमत सर्वांत जास्त, त्याची चूक सांगणारा वापरकर्ताच जागेवर नसतो. बाकी सॉफ्टवेअरला रोजच्या तक्रारींचा धाक असतो, याला नाही.

प्रोग्रॅमरांचे कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचे प्रकरण याबाबतीत सर्वांना माहीत असायला हवे, कारण त्यांनी ते स्वतःहून जगासमोर मांडले. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअपच्या आणि प्रती ठेवण्याच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. त्यातली एकही धडपणे उपयोगी पडली नाही. रोजचा डेटाबेस बॅकअप चालतच नव्हता, कारण बॅकअपचे साधन पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ व्हर्जनचे आणि डेटाबेस ९.६ चा. डेटाबेस अपडेट झाला, त्याचा बॅकअप घेणारे साधन मागे राहिले. काम फसल्याचा इशारा देणारे ईमेलही जात होते, पण ते पलीकडे नाकारले जात होते. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, सापडला म्हणून कंपनी वाचली. त्या सहा तासांतली माहिती गेलीच. संगणक हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडे हे झाले. आपल्याकडे एक कारकून, एक संगणक आणि वर्षातून दोनदा येणारा देखभालवाला असतो.

फोंडा आणि म्हापशाच्या आसपासच्या लहान कार्यालयांचे संगणक सांभाळणे हे माझे काम. त्यातलाच एक प्रकार सांगतो. एका देवस्थानच्या कचेरीत विंडोजचा संगणक आहे, आणि बॅकअप जातो तो बाजूच्या कपाटावर ठेवलेल्या नॅस बॉक्समध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीत. रोज संध्याकाळी हिरवी खूण येते: बॅकअप यशस्वी. “सर, रोज होतो, बघा ना,” असे तिथले कारकून अगदी प्रामाणिकपणे सांगतात, आणि त्यांना पडद्यावर दिसते ते तसेच असते. एकदा महाजनांच्या बैठकीसाठी जुन्या ताळेबंदाची फाइल लागली. मूळ संगणकावर ती खराब झाली होती, म्हणून बॅकअपमध्ये शोधली. नव्हती. तिच्यासारख्या आणखी काही नव्हत्या. फोल्डर होते, लहान नावांच्या फाइली होत्या, नेमक्या मोठ्या नावांच्या गायब.

कारण असे निघाले. कारकुनांची सवय चांगली होती; ते फाइलचे नाव पूर्ण आणि मराठीत लिहीत. ‘श्री देवस्थान समितीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा इतिवृत्तांत आणि जमाखर्चाचा ताळेबंद सुधारित प्रत २०१८-१९’ या धाटणीचे नाव. विंडोज फाइलच्या नावात २५५ अक्षरे चालवते, आणि काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले तरी हे नाव शंभराच्या थोडेच वर जाते. विंडोजची काहीच तक्रार नाही. पण नॅस बॉक्सच्या आत लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि लिनक्सची नेहमीची फाइल पद्धत २५५ बाइट, म्हणजे साठवणुकीची एकके, मोजते, अक्षरे नव्हे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, मात्रेलाही, तीन. म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हांवर मर्यादा संपते. वरचे नाव २८५ बाइटच्या घरात जाते. फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल तर काही नॅसमध्ये ही मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हे. एवढ्यात आपल्या एखाद्या संस्थेचे नाव आणि वर्षही मावत नाही.

मर्यादा असणे हा गुन्हा नाही. दोष होता तो पुढे. सॉफ्टवेअरला ती फाइल लिहिता आली नाही, त्याने लॉगमध्ये (कामाच्या नोंदवहीत) कुठेतरी खोलवर एक ओळ टाकली, फाइल वगळली, आणि वर ‘यशस्वी’ लिहिले. पुढच्या व्हर्जनमध्ये हे सुधारले गेले. फाइल वगळली तर आता पिवळा इशारा येतो. ही सुधारणा त्या कचेरीपर्यंत का पोचली नाही? कारण ती नव्या मोठ्या व्हर्जनमध्ये होती, आणि त्याला नवे लायसन्स लागत होते. समितीने रास्तच विचारले, की जुने चालत असताना नव्याला पैसे कशाला? जुने चालत नव्हते. ते चालत नाही, हे समजण्याची सोयच पैसे भरल्यावर मिळणार होती.

हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. नवी सोय आणि जुन्या दोषाची दुरुस्ती या दोन गोष्टी कंपन्या एकाच पुडीत बांधून देतात. मोबाइलवरून बॅकअप पाहता येतो, पडदा देखणा झाला, क्लाउडशी जोडणी आली, या सोयींचे पैसे खुशाल घ्यावेत. ज्याला हव्यात तो देईल. पण ‘आमचे सॉफ्टवेअर काही फाइली न सांगता वगळत होते’ ही दुरुस्ती सोय नव्हे. ज्याने विकत घेताना पूर्ण पैसे दिले, त्याला ती फुकट आणि आपोआप मिळाली पाहिजे. पंखा विकणारा दुकानदारसुद्धा वॉरंटीत मोटर बदलून देतो, आणि त्या बदल्यात नवा पंखा घ्या म्हणत नाही.

मराठीशी संबंध असलेला आणखी एक दोष इथेच सांगायला हवा, कारण तो इंग्रजीत नावे देणाऱ्याला जन्मात दिसणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या संगणकी संकेतप्रणालीत, ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. मॅकची जुनी फाइल पद्धत नावे फोडून जोडीच्या रूपात ठेवायची. विंडोज आणि लिनक्स जसे टाइप झाले तसे ठेवतात. आता ‘शेतकऱ्यांची यादी’ ही फाइल मॅकवरून लिनक्सच्या नॅसवर गेली की दोन्हीकडे नाव वाचायला एकच, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळी. जे सॉफ्टवेअर याची दखल घेत नाही, ते एकच फाइल दोनदा साठवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, ‘मूळ जागी ही फाइल आता नाही’ असे समजून बॅकअपमधली प्रत काढून टाकते. आरसिंक या फाइलींच्या प्रती करणाऱ्या जुन्या आणि विश्वासू साधनात यासाठी नावांचे रूप बदलून घेण्याचा वेगळा पर्याय दिलेला आहे. तो कोणाला माहीत असेल तर उपयोग. जर्मन आणि फ्रेंच लोकांना त्यांच्या स्वरचिन्हांमुळे हाच त्रास झाला, त्यांनी तक्रारी लिहिल्या, म्हणून दुरुस्त्या झाल्या. मराठीतून तक्रारी गेल्या पाहिजेत. शासकीय खरेदीच्या वेळी जी चाचणी होते, तिच्यात मोठ्या देवनागरी नावांच्या आणि ‘ऱ’ असलेल्या शंभरेक फाइली घालून, त्या बॅकअपमधून जशाच्या तशा परत येतात का हे पाहिले पाहिजे. एक दुपार पुरते या कामाला.

आता दुसरी बाजू. अपडेट म्हटले की लोक घाबरतात, आणि ही भीती अडाणीपणाची नाही. मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे मोठे अपडेट सोडले आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फाइलीच पुसल्या गेल्या. चार दिवसांत ते थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प केले, आणि आपल्या देशातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले.

बॅकअपच्या क्षेत्रातले याहून बोचरे उदाहरण जपानचे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपची स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी) सुधारली गेली. सुधारणा कशासाठी? ती अधिक सुवाच्य व्हावी म्हणून. दहा दिवसांपेक्षा जुने लॉग पुसण्याची एक आज्ञा त्या स्क्रिप्टमध्ये होती. जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी लिहिली गेली. बॅश हा प्रोग्रॅम स्क्रिप्ट एका दमात वाचत नाही, चालता चालता पुढची ओळ उचलतो. त्यामुळे अर्धी जुनी, अर्धी नवी अशी चालली, एका चलाला किंमतच मिळाली नाही, आणि पुसण्याची आज्ञा लॉगच्या फोल्डरऐवजी संशोधकांच्या फाइलींवर चालून गेली. १४ ते १६ डिसेंबर या काळात ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यातल्या चार गटांची माहिती परत आणता आली नाही. यंत्रणा पुरवणाऱ्या एचपीई कंपनीने पूर्ण जबाबदारी आपली असल्याचे लेखी मान्य केले. रक्षणासाठी ठेवलेले सॉफ्टवेअरच, त्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने, विनाशाचे कारण झाले.

मग अपडेट करूच नये का? असे म्हणणाऱ्यांना मी रोज भेटतो. “चालतंय ना, मग हात लावू नका.” यांना माझे उत्तर असे, की अपडेट न करणे ही सुरक्षित जागा राहिलेली नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ज्यांना गाठले, त्यांच्यासाठीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्चला दिली होती. आणि हल्लेखोर आता पहिल्यांदा बॅकअपच शोधतात, कारण बॅकअप शाबूत असेल तर खंडणी कोण देईल? सप्टेंबर २०२४ मध्ये वीम या प्रसिद्ध बॅकअप सॉफ्टवेअरमधला एक दोष दुरुस्त झाला, दहापैकी ९.८ इतका गंभीर, पासवर्डशिवाय दुरून सर्व्हरचा ताबा घेता येईल असा. महिन्याभरात अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअरच्या हल्ल्यांत तो वापरला गेल्याचे उघड झाले. ज्यांनी अपडेट केले नव्हते, त्यांच्याकडे बॅकअपचा सर्व्हर हीच चोराची वाट ठरली.

आरसिंकचे उदाहरण दोन्ही बाजूंना शिकवण्यासारखे आहे. १४ जानेवारी २०२५ रोजी त्याचे ३.४.० हे व्हर्जन आले आणि सहा सुरक्षादोष बुजवले. त्यात काही नवी मोडतोड झाली, म्हणून लागलीच ३.४.१ काढावे लागले. म्हणजे दुरुस्ती तातडीची होती आणि दुरुस्तीतही चूक होती. यातून ‘अपडेट करा’ किंवा ‘करू नका’ असे एका शब्दात उत्तर निघत नाही. उत्तर निघते ते असे: अपडेट करा, आणि त्याच दिवशी बॅकअपमधून काहीतरी परत आणून पाहा. अपडेट करून निघून जाणारा देखभालवाला आणि अपडेट टाळणारा कारकून, दोघेही अर्धेच काम करतात.

या ठिकाणी कंपन्यांकडून आणखी एक अपेक्षा आहे. अपडेटसोबत येणारी टीप वाचा. ‘किरकोळ दोष दूर केले, कामगिरी सुधारली.’ बस्स. मोबाइलवरच्या खेळासाठी एवढे चालेल. बॅकअपसाठी ही टीप अन्यायकारक आहे, कारण ती वाचून मला ठरवायचे असते की मागच्या दोन वर्षांच्या माझ्या बॅकअपवर विश्वास ठेवायचा की नाही. दोष कोणत्या व्हर्जनपासून होता? कोणाला लागू? आधी घेतलेल्या प्रती बिघडल्या आहेत का, की फक्त पुढच्या? पूर्ण बॅकअप नव्याने घ्यायचा का? साखळीने घेतलेल्या बॅकअपमध्ये तर हे फारच महत्त्वाचे. रविवारी पूर्ण आणि बाकी दिवशी फक्त बदललेले, अशी साखळी असेल आणि मंगळवारचा दुवा बिघडला असेल, तर बुधवार ते शनिवार सगळे धोक्यात. हे चार प्रश्न ज्या टिपेत नाहीत ती टीप अपुरी.

आणि हे करता येते. बोर्ग हे मोफत, खुले बॅकअप सॉफ्टवेअर आहे. ऑगस्ट २०२३ च्या १.२.५ व्हर्जनमध्ये त्यांनी एक सुरक्षादोष बुजवला तेव्हा नेमका धोका काय, जुन्या साठ्यांसाठी कोणती पावले कोणत्या क्रमाने टाकायची, हे बदलांच्या नोंदीच्या अगदी वर लिहून ठेवले. ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नाही, ते एवढे सरळ लिहितात. पैसे घेऊन विकणाऱ्यांनी तेवढे तरी लिहावे.

गोव्याला प्रती जपण्याची गोष्ट परकी नाही. पणजीचे पुराभिलेख १५९५ साली इतिहासकार दियोगु दु कौतु यांच्याकडे सोपवले गेले तेव्हापासूनचे. आशियातल्या जुन्या दप्तरांपैकी एक. लिस्बन आणि गोवा यांच्यामधली महत्त्वाची पत्रे एकापेक्षा अधिक प्रतींत, निरनिराळ्या जहाजांतून पाठवायचा शिरस्ता होता. प्रतीवर पहिली ‘विया’, दुसरी ‘विया’ असे नोंदलेले असायचे. एक जहाज बुडाले तरी मजकूर पोचावा म्हणून. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बनमधले कासा दा इंदिया या पूर्वेकडचा व्यापार पाहणाऱ्या कचेरीचे दप्तर नष्ट झाले. पोर्तुगीज भारताविषयी अभ्यासकांना आज जे वाचायला मिळते, त्यातले पुष्कळसे गोव्यात प्रती राहिल्या म्हणून. आज ज्याला ‘तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत बाहेरगावी’ असा नियम म्हणतात, त्याचे मर्म त्या काळच्या लेखनिकांना कळत होते. फरक एवढाच, की कागदाला कसर लागली तर पान उलटणाऱ्याला दिसते. डिस्कवरची फाइल सडते तेव्हा फोल्डर उघडून पाहिले तरी सगळे जागच्या जागी असते.

याच राज्यात २०२२ साली बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी लाटण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. जुन्या नोंदींशी छेडछाड हा आपल्याकडे काल्पनिक धोका नाही. उद्या संगणकावरची नोंद आणि तिची मागच्या वर्षीची प्रत यांत फरक निघाला, तर खरी कोणती हे ठरवायला तपासलेला, तारखेचा, कोणी हात न लावलेला बॅकअप हाच साक्षीदार असेल. तो साक्षीदार धड बोलतो का, हे खटल्याच्या दिवशी तपासायचे नसते.

कायदाही याच बाजूला आहे, फक्त त्याच्याकडे कोणी तसे पाहत नाही. जीएसटीच्या नियम ५७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा ठेवावा म्हटले आहे, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर माहिती वाजवी वेळेत परत आणता येईल. ‘परत आणता येईल’ हे शब्द नियमातच आहेत. हिशेब जपायचे ते वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. कंपनी कायद्याखाली आठ आर्थिक वर्षे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये जे नियम अधिसूचित झाले, त्यांतही डेटा-बॅकअपचा उल्लेख आहे. आता विचार करा: ज्या दुकानदाराला कायदा सहा वर्षे नोंदी जपायला सांगतो, त्याला बॅकअप सॉफ्टवेअर विकणारा तीन वर्षांनी ‘हे व्हर्जन आता आम्ही सांभाळत नाही’ म्हणून मोकळा होतो. नव्या व्हर्जनने जुना साठा उघडला तर नशीब. माझे म्हणणे, नोंद जपण्याची मुदत आणि दुरुस्ती देण्याची मुदत यांची सांगड घाला. निदान शासकीय आणि निमशासकीय खरेदीत तरी ही अट घालायला कोणाचीही हरकत असू नये: जेवढी वर्षे या नोंदी जपणे बंधनकारक, तेवढी वर्षे या व्हर्जनच्या दोषांची दुरुस्ती मोफत, आणि साठा उघडणारे साधन उपलब्ध.

कंपन्या म्हणतील, जुनी व्हर्जन्स सांभाळणे महागात पडते. पडत असेल. प्रत्येक जुन्या व्हर्जनला सगळे काही द्या असे मी म्हणत नाही. माहिती न सांगता वगळणारे, बिघडवणारे किंवा चोराला आत घेणारे दोष, एवढेच. असे दोष इतके असतील की ते दुरुस्त करणे परवडत नाही, तर तशी वस्तू लोकांच्या दप्तरासाठी विकायचीच कशाला? आणि निविदेत सर्वांत स्वस्त बोली घेण्याची आपली पद्धतही यात दोषी आहे. पहिल्या वर्षाची किंमत बघून खरेदी होते, देखभाल करारात ‘अपडेट’ हा शब्द असतो, ‘परत आणून दाखवणे’ हे शब्द नसतात. मग देखभालवाला येतो, व्हायरस स्कॅन करतो, सही घेतो, जातो.

‘आमचे सगळे क्लाउडवर आहे’ हे उत्तर अलीकडे फार ऐकू येते. क्लाउडशी जुळवून ठेवलेले फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसले की तिथेही पुसले जाते, इथे कुलूपबंद झाले की तिथेही तेच जाते. जुन्या प्रती किती दिवस राहतात हे सेवेच्या अटींवर ठरते, आणि त्या अटी बदलतात.

गोव्यात हे सुरू करायला नव्या कायद्याची वाट पाहायला नको. पंचायत खात्याने एक साधे परिपत्रक काढावे. तीन महिन्यांतून एकदा, आणि बॅकअप सॉफ्टवेअर अपडेट झाले की लगेच, सचिवाने बॅकअपमधून ठरावीक फाइली दुसऱ्या संगणकावर परत आणाव्यात: एक चालू वर्षाची, एक पाच वर्षांपूर्वीची, एक लांब मराठी नावाची. त्या उघडून वाचून पाहाव्यात. तारीख, सॉफ्टवेअरचे व्हर्जन, काय आणले, काय आले नाही, याची नोंद सहीनिशी वहीत करावी आणि ती नोंद हिशेबाबरोबर ग्रामसभेपुढे ठेवावी. देवस्थानच्या महाजनांनी आणि पतसंस्थेच्या सभासदांनी वार्षिक सभेत हाच प्रश्न विचारावा. लेखापरीक्षकांनी ‘बॅकअप घेतला जातो का’ या रकान्याशेजारी ‘शेवटचा कधी परत आणला’ हा रकाना घालावा. लागणारे साहित्य म्हणजे एक जुना चालू संगणक आणि अर्धा दिवस.

आणि जेव्हा फाइल परत येणार नाही, तेव्हा ती गोष्ट दडपू नये. काय वगळले गेले, कोणत्या व्हर्जनमध्ये, फाइलचे नाव कसे होते, पडद्यावर कोणता संदेश आला, हे सगळे लिहून, पडद्याचा फोटो जोडून कंपनीला पाठवावे, आणि राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने अशा तक्रारी एकत्र गोळा करून प्रसिद्ध कराव्यात. ज्या पंचायतीला आज एक फाइल मिळाली नाही, तिच्या तक्रारीमुळे उरलेल्या १९० पंचायतींच्या फाइली वाचू शकतात. पण त्यासाठी ती तक्रार कोणाच्या तरी टेबलावर पोचली पाहिजे, आणि तिची दुरुस्ती नव्या लायसन्सशिवाय परत आली पाहिजे.